गाण्याविरुद्ध बोललेला नवस

नवस फिटेपर्यंत कुणाला सांगू नये असं आमच्याकडे मानतात. म्हणून सहा महिने मी तोंड मिटून होते. आता तो फिटला आहे. सांगायला हरकत नाही, पण सांगताना जीभ जड होते.

माझी भाची सहाना गेल्या श्रावणात हुणसूरहून एक जुना कीबोर्ड घेऊन आली. लग्नांत ऑर्केस्ट्रा वाजवणाऱ्या कुणाच्या तरी माळ्यावर तो पडून होता. सरकारी बसमध्ये मांडीवर आडवा धरून तिनं तो मैसूरला आणला आणि ऑटोतून उतरवून आमच्या अग्रहार भागातल्या घराच्या ओट्यावर ठेवला.

"आत्या, बघ. पंच्याऐंशी सालचा. माझ्याहून थोरला."

"वाजतो का?"

"दोन पट्ट्या बोलत नाहीत. बाकी सगळं गातो."

"मग त्या दोघी शहाण्या म्हणायच्या," मी म्हटलं.

ती खूप हसली. त्या कीबोर्डाबद्दल मी तिच्या तोंडावर बोलले ते एवढंच. पुढचं सगळं मी देवाशी बोलले. तिथंच चुकलं.

माझा भाऊ आणि सहानाचे वडील फत्तेसिंगराव, म्हणजे आमचे अण्णा, कोण हे मैसुरात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या भागातल्या देवळांत पहाटे पहिलं पद अजूनही त्यांच्याच आवाजातलं लागतं. एके काळी ते कन्नड सिनेमातही गात. सत्त्याऐंशी साली बेंगळुरूच्या एका स्टुडिओत मृदंगवाल्याच्या जागी तालाचा डबा आणून ठेवला होता. विजेवर चालणारा, एकदा सुरू केला की न थकता ठोकत राहणारा. अण्णा त्या डब्याकडे बघत राहिले, म्हणाले, "ज्याला घाम येत नाही त्याच्या साथीनं मी गात नाही," आणि चपला घालून निघून आले. त्यानंतर सिनेमाचं गाणं नाही. फक्त देवाची पदं. ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी सांगे, आणि टाळ्या पडत.

सहाना पाच वर्षांची असताना तिची आई तुंगा गेली. तेव्हापासून तिची वेणी मी घातली, ताप मी काढला. नवव्या वर्षापासून ती अण्णांच्या मागे तंबोरा घेऊन बसू लागली. चार वर्षांपूर्वी अण्णा गेले आणि त्यांची पदं तिच्याकडे आली. बाईमाणसाचा आवाज, पण ती तो खाली ओढून अण्णांच्याच पट्टीत गाई. लोक म्हणत, डोळे मिटले की फत्तेसिंगरावच. मला ते ऐकून धन्य वाटे. तिला काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

आणि आता ती एकतिसाव्या वर्षी म्हणत होती की आठ गाण्यांचा अल्बम करायचा. सगळी गाणी ऐंशीच्या काळातल्या धाटणीची. तसाच कीबोर्ड, तसाच तालाचा डबा. तिच्याबरोबर भुवन होता, इंजिनिअरची नोकरी सोडून रेकॉर्डिंगचं काम करणारा. त्या दोघांनी माडीवरच्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या बांधल्या आणि दिवसभर वर धप धप सुरू झालं.

अण्णांचे तबलजी मानाजीराव दर गुरुवारी कॉफीला येतात. अण्णांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम तेच करतात. ते वर बघत म्हणाले, "इंदिराबाई, माडीवर काय, पिठाची गिरणी टाकली?"

"सहाना नवी गाणी करतेय."

"नवी? मी जिन्यात उभा राहून ऐकलं ना! चाळीस वर्षांपूर्वीची धांगडधिंग्याची गाणी, त्यांना नवी म्हणायचं? अय्यो! ज्या डब्यापायी अण्णांनी सिनेमा सोडला, तोच डबा त्यांच्या माडीवर. आणि खाली तुम्ही निवांत वाती वळताय."

तेवढ्यात भुवन पाणी न्यायला खाली आला. मानाजीराव त्याला म्हणाले, "काय रे, तुझा डबा जेवतो काय?"

"नाही सर, करंट खातो," तो म्हणाला. "पण सम कधी चुकत नाही हं."

मानाजीरावांचे कान लाल झाले. गेल्या पुण्यतिथीला त्यांची सम चुकली होती, ती अर्ध्या मैसूरनं ऐकली होती. कप आपटून ते उठले. जाताना म्हणाले, "तुमचं ती ऐकते. सांगा तिला."

मला कुणाला काही सांगता येत नाही. लहानपणापासून आवाज चढवणं माहीत नाही. पहाटे उठून दिवा, शिवलीलेचा अध्याय, सोमवारचा उपास, प्रदोष, रोज शंभर वाती. मनाला काही टोचलं की मी ते देवापुढे ठेवते आणि माणसापुढे गप्प बसते. सगळे मला शांत म्हणतात. मीही स्वतःला शांतच समजत होते.

कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी मी हुणसूरला बस बदलून एकटीच बेट्टदपुरला गेले. आमचं मूळ घराणं त्या बाजूचं. डोंगरावरच्या मल्लिकार्जुनाला आमच्या चार पिढ्यांचे नवस माहीत आहेत. वर पोचायला दुपार झाली. गाभाऱ्यापुढे पदर पसरून मी म्हटलं, "देवा, पोरीचं हे खूळ उतरू दे. ती अण्णांच्या पदांकडे परत येऊ दे. आली तर खालपासून वरपर्यंत पायरीपायरीला हळदकुंकू लावत येईन."

उतरताना हलकं वाटलं. चांगलं काम केल्यासारखं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी भुवननं गाद्या उन्हात टाकल्या होत्या आणि खिडकी उघडी राहिली. मी मागच्या अंगणात कापूस पिंजत बसले होते. वरून गाणं आलं. ते मराठीत होतं, पण पुस्तकातल्या मराठीत नव्हे. आमच्या घरात बोलतो तसल्या, कन्नड मिसळलेल्या मराठीत. बस सुटायला लागलीय आणि एका मुलीची चप्पल सापडत नाहीय, एवढंच गाणं. "थांब रे बस, इरु रे बस, येतेच मी, चप्पल सापडेना." मध्ये ती एकदा श्वासाला थांबायची, आणि डबा तेवढा एकटा धावायचा, मग ती हसतच त्याला गाठायची.

तो आवाज मी ओळखला नाही. आधी वाटलं, दुसरी कुणी मुलगी आली आहे. बारीक, थोडा खरखरीत, वर चढताना जरासा फाटणारा. मग लक्षात आलं, तापात पाणी मागताना सहानाचा आवाज असाच येतो. हाच तिचा. बावीस वर्षं ती जे गात होती, ते अण्णांचा अंगरखा घालून.

माझं बोट पाटावर ताल धरत होतं. मी ते उचललं नाही. सत्त्याऐंशीत मी चोवीस वर्षांची होते. अण्णा स्टुडिओतून रागानं परतले त्या आठवड्यातसुद्धा, भाजीला जाताना, कोपऱ्यावरच्या कॅसेटच्या दुकानापाशी मी चप्पल नीट करायच्या निमित्तानं थांबले होते, आत वाजणारं तसलंच काहीतरी पुरतं ऐकायला. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी देवळातल्या नरसिंह भटांना मी आडून विचारलं, "नवस बोलल्यावर माणसाचं मन बदललं तर?"

"तर गप्प बसायचं. घडलं नाही तर फेडायचा नाही."

"आणि घडलं तर?"

"घडलं तर फेडायलाच हवा, बाई. देव काय आपल्या घरचा आहे, साकु, पुरे म्हटलं की थांबायला?"

मी गप्प बसले. वर जाऊन "गाणं छान झालंय" एवढं म्हणायला जिना चौदा पायऱ्यांचा होता. चढले नाही. देवाला एक सांगितलं आणि पोरीला दुसरं, असं कसं करू, असं मनाशी म्हणत राहिले.

माघात अल्बम पुरा झाला. एका शाळेचं सभागृह घेऊन ती तो गाऊन दाखवणार होती. आठ दिवस आधी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"आत्या, पुढच्या रांगेत तुझी खुर्ची आहे."

"कधी?"

"शुक्रवारी साडेसहाला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "त्या दिवशी प्रदोष आहे, बाळ. तिन्हीसांजेची पूजा."

"पूजा करून ये ना. आठला ये. शेवटचं गाणं ऐकलंस तरी चालेल." मग ती जरा पुढे सरकली. "आत्या, खरं सांगू? तू आलीस तर तुझं भजनी मंडळ येईल. सरस्वतीबाई येतील, त्यांच्या सुना येतील. मंडळ आलं की मानाजीकाकांना तोंड राहणार नाही. तू नाही आलीस तर सगळे समजतील, घरातच पसंत नाही."

"बघते," मी म्हटलं.

"बघते म्हणजे नाही. तुझं मला माहीत आहे." ती हसत उठली. माझी वाट बघायची तिनं ठरवलं होतं, हे मला त्या हसण्यात दिसलं.

शुक्रवारी माझी पूजा सव्वासातला आटोपली. हॉल चालत दहा मिनिटांवर. सरस्वतीबाई दारात येऊन उभ्या, रेशमी लुगडं नेसून. "इंदिराबाई, निघायचं ना?" मी म्हटलं, "तुम्ही जा." त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही तर मग आम्ही कशाला? तसंही गुडघे दुखतायत." आणि परत फिरल्या. मी देवापुढे बसून तो अध्याय परत वाचला. त्या दिवसाचा वाचून झालेला होता. तरी वाचला.

सहाना आली तेव्हा मी ताट वाढून ठेवलं होतं. भुवननं मला नंतर सांगितलं की दीडशे खुर्च्यांत तेवीस माणसं होती. पुढच्या रांगेत कुणीच नव्हतं. ती आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत शेवटचं गाणं सुरू करत नव्हती, दाराकडे बघत होती.

पुढच्या महिन्यात फोनवर लोकांनी काय काय लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं नाही, पण मी पाहिलं. बापाचं नाव घालवलं. देवाची पदं सोडून हे काय. "हिच्या घरचेसुद्धा आले नव्हते." हे एक वाक्य तर पुन्हा पुन्हा होतं. मानाजीरावांनी पुण्यतिथीच्या पत्रिकेतून तिचं नाव काढून टाकलं. मग एक दिवस स्वतःच येऊन म्हणाले, "झालं गेलं. तिनं अण्णांची पदं म्हटली तर नाव परत घालतो."

चैत्रात, पाडव्याच्या सकाळी, ती न्हाऊन तंबोरा घेऊन खाली आली आणि देवघरापुढे अण्णांचं पद धरलं. त्याच खालच्या पट्टीत. संपल्यावर म्हणाली, "आत्या, बास. जमणारं नव्हतं ते. अण्णांचंच बरं."

मी "हो बाळ" म्हटलं.

नवस घडला होता. फेडायला हवा होता. वैशाखातल्या सोमवारी निघाले तर ती म्हणाली, "एकटी कशी चढशील? मी येते, ताट धरीन."

बेट्टदपुरच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मी वाकून पहिल्या पायरीला हळद लावली, मग कुंकू. मग दुसरीला. ती ताट घेऊन शेजारून चढत होती. दोनशेच्या पुढे माझी कंबर भरून आली. ती म्हणाली, "बस जरा. एवढा मोठा नवस कशाचा ग बोललीस? माझ्या लग्नाचा असेल तर आत्ताच उतरू या."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. फिटल्यावर सांगायचा, हा नेम. तो मी तिथं मोडला. सगळं सांगितलं. कार्तिकातला सोमवार सांगितला. उघडी खिडकी सांगितली, प्रदोष सांगितला, परत वाचलेला अध्याय सांगितला.

ताटातल्या कुंकवावर वारा येत होता, तिनं हात आडवा धरला होता.

"म्हणजे तुला आवडलं होतं?"

"चपलेचं गाणं. तू मध्ये थांबतेस आणि तो डबा एकटा पळतो, ते."

"ते भुवन काढून टाकणार होता. मी भांडून ठेवलं." तिनं नाक पुसलं. "आत्या, देवाला सांगण्याआधी मला सांगायचंस. नको करू, म्हणायचंस. मी भांडले असते तुझ्याशी. दोन दिवस बोलले नसते. पण मग तू आली असतीस ना त्या शुक्रवारी? भांडून झाल्यावर येतात माणसं."

"आता परत कर ना. मी येते. सरस्वतीबाईंना आणते."

"भुवन बेंगळुरूला गेला, नोकरीवर. कीबोर्ड त्या हुणसूरवाल्याला परत दिला." ती उठली. मला वाटलं, आता खाली उतरेल, आणि उतरली असती तर मी काही म्हणाले नसते. पण तिनं ताट डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताचं बोट हळदीत बुडवलं आणि पुढच्या पायरीला टेकवलं. मग कुंकवात.

"अग, तू नको. हा नवस तुझ्याविरुद्धचाच..."

"तुझी कंबर गेलीय. आणि अर्धा सोडलास तर तुला झोप येणार नाही. चल."

उरलेल्या सगळ्या पायऱ्यांना तिनंच लावलं. वाकायची, लावायची, वर चढायची. मी मागून येत होते, ओल्या कुंकवावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं. अर्ध्या वाटेवर, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून, मी म्हटलं, "सहाना, म्हण ना ते चपलेचं. मी ऐकते."

"दम लागलाय, आत्या," ती म्हणाली आणि पुढच्या पायरीवर वाकली.

दम तिला लागला नव्हता. लागतो तेव्हा कसा लागतो, ते मी तिच्या लहानपणापासून ऐकलेलं आहे.