चारडोळ्या

इसोनोबाईंनी लव्हाळ्यांचा झुबका डाव्या मुठीत धरला आणि त्या विळा लावणार, तोच चिकाको पाटात उतरली.

"अहो, तो नका कापू!"

बाईंचा हात थांबला. पाटसफाईच्या दिवशी त्यांना कोणी अडवल्याला बरीच वर्षे लोटली होती. आपल्या घरासमोरचा पाट प्रत्येकाने मोकळा करायचा, तेव्हाच खालच्या भातखाचरांना पाणी पोहोचते. बाईंच्या हद्दीत तर पन्नास वर्षांत एक काडी उभी राहिली नव्हती.

सकाळी कारभारी कुरोसे जेवणासाठी घरोघरची माणसे लिहून घेत आले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही तीन. मी, मुलगी, जावई." जावयाच्या पहिल्या लग्नाची ही नऊ वर्षांची पोर, चिकाको, तेव्हा शेजारीच उभी होती. घरात येऊन तिला दोन महिने झाले होते. "अहो" यापलीकडे ती बाईंना कसलीच हाक मारत नसे. तीन हा आकडा ऐकून तिने बुटाचे टोक चिखलात रुतवले होते, एवढेच.

"का नको?"

"तिथे चारडोळ्या मासा आहे. अंडी राखतोय."

"मला नाही दिसत."

"तुम्ही चष्मा कुठे लावलाय?"

"मग आण जा. माझं तोंड काय बघतेस?"

चष्मा आला. बाई वाकल्या. मासा अर्ध्या वितीचाच होता. तपकिरी अंगावर गडद पट्टे, डोळ्याभोवती फाकलेल्या तांबड्या रेघा आणि कल्ल्यावर मोरपंखी ठिपका, जणू दुसरा डोळाच. काडीवर दोन ओळींत मण्यांसारखी अंडी होती. एक झिंगा चुकून जवळ सरकला. मासा हलल्याचे दिसले नाही. झिंगा मात्र तिथे उरला नाही.

"कसा डोळे वटारतो मेला!"

"तुमच्यासारखाच," चिकाको बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाईंनी ते ऐकले न ऐकलेसे केले. "ही कडेची अंडी वेगळी दिसतात."

"ती त्याची नाहीत. परवा दुसऱ्या माशांचा थवा घुसला. यानं खूप चावे घेतले, पण ते अंडी घालून पळाले."

"आणि हा खुळा तीही राखतोय?"

"त्यांनाही पंखांनी वारा घालतो. सारखाच."

कमरेत कळ येईपर्यंत बाई तशाच वाकून राहिल्या. मग त्यांनी आजूबाजूचे सारे लव्हाळे कापले आणि तेवढा झुबका ठेवला.

दुपारी कुरोसे बांबूच्या सालीत बांधलेले भाताचे मुटके वाटत आले.

"इसोनोबाई, तुमच्या हद्दीत लव्हाळे? म्हातारपणी हेही बघायचं होतं मला!"

"चारडोळ्या बसलाय. अंडी फुटली की कापू. पाणी अडलं तर मला येऊन सांगा."

हसत हसत कुरोसेंनी तीन पुड्या पुढे केल्या. बाईंनी हात पुढे केला नाही.

"एक कमी आहे."

"अहो, सकाळी तुम्हीच तीन म्हणालात!"

"सकाळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता."

कुरोसे चौथी पुडी शोधू लागले. चिकाको जागची हलली नव्हती.

"उभी काय राहिलीस? हात धुऊन ये," बाई कडाडल्या. "आपल्या घरात चिखलाच्या हातांनी कोणी जेवत नाही."