सहा नंबरची चवळी

आमच्या सासूबाईंना घाण दिसली की हात शिवशिवतात. त्या दिवशी पाणी घेऊन शेतात गेले, तर म्हातारी ओणवी होऊन चवळीची रोपं उपटत होती. पिवळी पडलेली तेवढीच.

"अहो, काय करताय हे? बाईंनी बजावलंय ना, रोगट झाडाला हात लावू नका म्हणून. त्या मोजणार आहेत."

बाई म्हणजे संशोधन केंद्रातल्या. चवळीच्या नव्या जाती तयार करतात. त्यातल्या सहा जाती आमच्या शेतात सहा ओळींनी लावल्या होत्या. जी रोगाला दाद देणार नाही, तिचं बी गावाला वाटायचं, असं ठरलेलं.

"मोजू दे की बाकीच्या," सासूबाई कंबर धरत म्हणाल्या. "ही ओळ रस्त्याला लागून आहे. उद्या दहा माणसं येणार, येताजाता हीच बघणार. माझ्या तोंडात शेण घालतील."

या घरात माझं कोण ऐकतंय. सहाव्या ओळीतली निम्मी रोपं म्हशीपुढे पडली. उरलेले वेल ओढून म्हातारीने मोकळी जागा झाकली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गुडघ्यावर बसून एकेक पान उलटून पाहिलं. "सहा नंबरात रोपं कमी कशी?"

"उंदरांनी खाल्ली," सासूबाई म्हणाल्या. डोळ्याची पापणी हलली नाही.

बाईंनी कागदावर लिहिलं, रोगट झाडं शून्य, आणि खुशीत सहा नंबर निवडला. कडेला टेलरकाकू उभ्या होत्या. आमच्या बांधाला बांध त्यांचा, नवरा गेल्यापासून शिलाई आणि तो एक तुकडा, एवढ्यावर घर. त्या हसून म्हणाल्या, "माझा सगळा तुकडा याच चवळीचा. जुनं बी आजच शिजायला टाकते, भुंग्यांनी पोखरण्यापेक्षा आपल्या पोटात गेलेलं बरं."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे पळत गेले आणि सगळं सांगून टाकलं. काकू मशीनवरून उठल्याही नाहीत.

"रोपं कमी कशी, ते दुपारीच तुझ्या सासूला विचारून आले मी. म्हणाली, सुनेचं डोकं जरा फिरलंय, वाण आमच्या शेतात निवडला म्हणून तिला शेजाऱ्यांना बी वाटायचं जिवावर आलंय. पोरी, माझं चांगलं होतंय ते बघवत नाही का गं तुला?"

बाईंना कितीतरी दिवस फोन लावला. लागला तो पेरणीच्या तोंडावर, तेव्हा त्या दुसऱ्या गावात बी वाटत होत्या. ऐकून म्हणाल्या, "तुमच्या गावचं तर परवाच वाटून झालं."

पेरणीला आभाळ काळं होतं आणि हवा गुदमरल्यासारखी. सासूबाई पुढे काकऱ्या ओढत होत्या, मी मागून बी टाकत होते. बांधापलीकडून काकूंनी हाक मारली, "काय, सहा नंबरच ना?"

"तेच की," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या.

मी थांबले. मूठ उघडून काकूंपुढे धरली. तांबडं, बारीक, आमचं जुनंच बी. म्हातारीने सकाळी स्वतः मडक्यातून काढून दिलेलं.

काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या पाठीकडे, मग आपल्या शेताकडे. त्यांची पेरणी कालच उरकली होती.