पात्र ठरला नाही

खुशाल हटवारला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लाखनीत हायवेच्या कडेला त्याचं पेंटिंगचं दुकान होतं. एके काळी ट्रकच्या मागच्या फळीवरची नावं, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याच्याच ब्रशातून उतरायचं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. शाळांच्या भिंती तेवढ्या हाती राहिल्या. पाढे, सुविचार, भारताचा नकाशा. पण त्याचं अक्षर असं होतं, की धावत्या एसटीतून सुद्धा वाचता यावं.

त्या अक्षरासाठीच दोन हजार पंचवीसच्या एप्रिलमध्ये त्याला भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून फोन आला.

"चिंधू मेश्राम बोलून राहिलो. वरठीच्या कारखान्यात फिटर होतो, आता रिटायर झालो. इथल्या शाळेच्या ग्राऊंडची भिंत रंगवाची हाये. रंगाचं सगळं माह्याकडून. तुम्ही फक्त या."

"काय लिहाचं हाये, काका?"

"फुटबॉल."

दुसऱ्या दिवशी खुशाल गेला. अडुसष्ट वर्षांचा, उंच, थोडा वाकलेला माणूस मैदानावर उभा होता. त्याचे हात अंगाच्या मानाने फार मोठे होते. काखेत एक जाड वही. वहीत भारताच्या फुटबॉल संघाने आजवर कुठल्या मोठ्या स्पर्धेत काय केलं, ते वर्षावार लिहिलेलं होतं. तरुणपणी भंडाऱ्याच्या वाचनालयात बसून पेपरांतून उतरवलेलं, आणि पुढे मोबाईल आल्यावर त्यावरून पडताळून घेतलेलं.

"हे सगळं?" खुशालने पानं उलटली.

"सगळं. एकही ओळ सोडाची नाई."

खुशालने निळीत भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर रेघा मारल्या आणि तीन रकाने पाडले. पहिल्यात ऑलिम्पिक आणि आशियाई खेळ, दुसऱ्यात विश्वचषक, तिसऱ्यात आशिया चषक. वर मोठ्या अक्षरात मथळा द्यायचा होता : 'भारतीय फुटबॉल संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी'. चिंधूकाकांनी त्याच्यापुढे एक शब्द वाढवायला लावला : 'संपूर्ण'.

उन्हाचे दिवस. खुशाल सकाळी सहाला यायचा आणि दहाला ब्रश धुवायचा. पहिला रकाना झरझर झाला. १९५१ दिल्ली, सुवर्ण. १९५६ मेलबर्न ऑलिम्पिक, चौथा. १९६२ जकार्ता, सुवर्ण. लिहिताना खुशालला बरं वाटलं. आपल्या देशाने असंही काही केलं होतं हे त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या रकान्यात मात्र गाडी अडली. १९५० : पात्र, पण गेला नाही. आणि १९८६ पासून खाली तेच ते वाक्य. पात्र ठरला नाही. पात्र ठरला नाही. एका रकान्यात दहा वेळा.

"काका," चौथ्यांदा लिहून झाल्यावर खुशाल शिडीच्या घोडीवरूनच म्हणाला, "इथं नुसती आडवी रेघ मारली तर नाई चालन का? लोकं समजून घेतीन."

"रेघेचा अर्थ ज्याला जसा पाहिजे तसा तो काढते," चिंधूकाका म्हणाले. "लिहा."

खुशालने लिहिलं. त्याला काय, अक्षर म्हणजे अक्षर.

सातव्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव लांजेवार मैदानावर आले. धानाची मोठी शेती असलेला, गावाने मानलेला माणूस. शाळेला पाण्याची टाकी त्यांनीच दिली होती. ते भिंत वाचत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"चिंधूभाऊ, शाळेची भिंत हाये का हारल्याची यादी?"

"झालं तेच लिहून राहिलो, पुंडलिकराव."

"दोन सुवर्ण हायेत ना? ते लिहा मोठ्या अक्षरात. ऑलिम्पिकात चौथा आला, तेही लिहा. बाकीचं कायले पाहिजे? पोराईले का हाराले शिकवता?" पुंडलिकरावांनी पन्नासच्या ओळीवर बोट ठेवलं. "आन हे. सारे म्हणतात, आपले गडी बिना बुटाचे खेळत होते म्हणून खेळू देल्लं नाई. तसं लिहा. मान तरी राहते."

"तसं नव्हतं. काहून गेले नाई त्याची कारणं लोकं चार-पाच सांगतात, त्यातलं एकही पक्कं नाई. गेले नाई, एवढं पक्कं हाये."

"पेंटर," पुंडलिकराव खुशालकडे वळले, "बैठक होतपर्यंत ब्रश खाली ठेवा."

खुशालने ब्रश खाली ठेवला. त्याचं यात काही जात-येत नव्हतं. तो कडुनिंबाखाली जाऊन बसला. थोड्या वेळाने चिंधूकाका येऊन शेजारी टेकले. मग कुणी विचारलेलं नसताना काका बोलायला लागले.

एकोणऐंशी साली ते जिल्ह्याच्या संघाचे गोलकीपर होते. नागपूरला सामना होता. सात गोल खाल्ले. सात. गाडीने वरठी स्टेशनला उतरले, तिथून चालत घरी आले. बाप दारात सुपात पानं-तंबाखू घेऊन बिड्या वळत बसला होता. त्याने विचारलं, का झालं? पोरगा म्हणाला, जिंकलो.

"त्यानं सूप बाजूले ठेवलं, उठला, आन विहारासमोर साऱ्या वस्तीले जिलेबी वाटली. उधार आणून वाटली. आठ दिवसानं त्याले स्टेशनवर कोणीतरी खरं सांगतलं."

"मग? मारलं का?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं. मले काहीच बोलला नाई. मरतपर्यंत त्या मॅचचं नाव नाई काढलं त्यानं. पण त्याच्यानंतर मी कुठूनही खेळून आलो, तर का झालं म्हणून त्यानं कधी विचारलं नाई."

खुशालने पाण्याची बाटली पुढे केली. काकांनी दोन घोट घेतले आणि विषय बदलून, कडुनिंबाला यंदा निंबोळ्या फार आहेत असं काहीतरी म्हणाले.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. सात जण होते. चिंधूकाकांना चारचौघांत बोलता येत नसे. ते वही मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. बोलली ती रीता काटेखाये, शाळेची खेळाची मॅडम. पस्तिशीची, आवाज मैदानावर तयार झालेला.

"सर, माझ्या पोरी तीन वर्षं झाली, तालुक्याला पहिल्याच मॅचमध्ये बाहेर होऊन राहिल्या. घरी जाऊन त्यांना ते सांगावंच लागते. देशाच्या टीमचं असं होते, हे भिंतीवर वाचलं तर पोरी बिघडणार नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तरी येतील."

कोणीतरी हसलं. पुंडलिकरावही थोडं हसले. शेवटी ठरलं, की भिंत राहू द्यायची, पण सुवर्णपदकांच्या ओळी पिवळ्या रंगात करायच्या. चिंधूकाकांनी वहीत पाहिलं, जणू तिथे पिवळ्या रंगाबद्दल काही लिहिलं असावं, आणि मान हलवली.

काम मे महिन्यात संपलं. उजव्या टोकाला दोन हात जागा उरली. तिथे खुशालने आपल्या मनाने एक चित्र काढायचं ठरवलं. काकांकडून त्यांचा जुना फोटो मागून घेतला आणि त्यावरून हवेत आडवा झेपावलेला गोलकीपर काढला. हिरवी जर्सी, ताणलेली बोटं, बोटांच्या टोकाला बॉल. चेहरा बावीस वर्षांच्या चिंधू मेश्रामचा. इतकं जिवंत चित्र त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. त्याने मोबाईलमध्ये त्याचे सहा फोटो काढले आणि पुढे महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिंधूकाका एसटीने लाखनीला आले. दुकानात शिरले, स्टुलावर बसले, आणि चहा आला तरी रस्त्याकडेच बघत राहिले.

"का झालं, काका? रंग उडाला का?"

"रंग बरोबर हाये. मीच चुकलो." त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "परवा रीता मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, काका, आपल्या बाया जिंकल्या, थायलंडले त्यायच्याच घरी दोन-एकनं हरवलं, आशिया चषकात गेल्या. पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदा. मी म्हटलं, फार चांगलं झालं. त्या म्हणे, मग हे भिंतीवर कुठं लिहाचं?"

"मग लिहू ना. एका ओळीचं तर काम हाये."

"एक ओळ नाई, खुशाल. त्यायनं मले मोबाईलवर सारं काढून दाखवलं. बायांची टीम आशिया चषकात दोनदा दुसरी आली हाये. एकदा तिसरी. त्र्याऐंशी साली दुसरी आली." त्यांनी कप खाली ठेवला. "त्र्याऐंशी साली मी रोज वाचनालयात जात होतो. खेळाचं पान सगळ्यात पहिले माह्या हातात पडे. आलं नसन का पेपरात? का मीच वाचलं नाई, ते मले आठवत नाई. मॅडम काही बोलल्या नाई, पण जाता जाता भिंतीकडे पाहून त्यायनं 'संपूर्ण' एवढंच वाचलं."

खुशालने डोळ्यांपुढे भिंत आणली. तीन रकाने, कडेला चित्र, संपली जागा.

"मागच्या बाजूनं लिहू," तो म्हणाला. "अख्खी भिंत मोकळी हाये तिकडून."

"मागं म्हशी बांधतात."

"मग?"

"मले पुसा."

खुशालला आधी समजलंच नाही. समजल्यावर त्याला रागच आला, आणि आपल्याला राग आला याचं नवलही वाटलं. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या भिंतीवर काढलेलं चित्र. उद्या कोणी चुना मारला तरी त्याचा काय हक्क? आयुष्यभर त्याने लिहिलेलं पुसलंच जात आलं होतं. पण तो म्हणाला, "ते नाई पुसत मी. दुसरा पेंटर पाहा."

"बरं," चिंधूकाका म्हणाले आणि चहा संपवून उठले. दारात थांबून म्हणाले, "तसंही पावसात काम होत नाई. दिवाळीनंतर पाहू."

दुसरा पेंटर त्यांनी पाहिला नाही. खुशालनेही फोन केला नाही. ऑक्टोबरच्या मध्यात एक दिवस दुकानात रेडिओ चालू असताना बातमी लागली : गोव्यात पुरुषांचा संघ सिंगापूरकडून दोन-एकने हरला आणि पुढच्या आशिया चषकाचं दार बंद झालं. हातातल्या पाटीवर पुढचं अक्षर काढता काढता खुशाल थांबला. अशी बातमी आजवर त्याच्या कानावरून शंभरदा गेली असेल. या वेळी मात्र ती ओळ कुठे बसेल, तिसऱ्या रकान्यात तळाला किती बोटं जागा आहे, हे त्याला दिसलं.

दिवाळी झाल्यावर त्याने स्वतःच डबे बांधले आणि शहापूर गाठलं. बांध्यांमध्ये धानाची कापणी चालली होती, रस्त्याने पेंढ्यांचे ट्रॅक्टर लागत होते. चिंधूकाकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा. ते खुर्ची टाकून मैदानात बसले.

"आले का?"

"आलो जी."

आधी त्याने तिसऱ्या रकान्यात ओळ भरली. २०२७ : पात्र ठरला नाही. मग प्रायमरचा डबा उघडला. पाय, हिरवी जर्सी, बॉल असं करत गेला, चेहरा शेवटी ठेवला. चेहऱ्यावर ब्रश फिरवताना त्याने मागे वळून पाहिलं. काका भलतीकडेच बघत होते. तिथे रीता मॅडमच्या पोरी पळत होत्या. रंगाच्या पहिल्या हातात जर्सी पूर्ण झाकली गेली नाही, हिरवट सावली राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर महिला संघाचा रकाना उभा राहिला. रीता मॅडमने मोबाईल हातात धरून एकेक वर्ष सांगितलं आणि खुशालने लिहिलं. काही ठिकाणी 'पात्र ठरला नाही' आलं, तेव्हा मॅडमनेही रेघ मारा असं म्हटलं नाही.

काम झाल्यावर चिंधूकाका खुर्ची उचलून भिंतीजवळ आले. एक डोळा बंद, दुसरा अजून धूसर.

"मले वाचून दाखव," ते म्हणाले. त्याला ते पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते.

खुशालने सुरुवातीपासून वाचायला घेतलं. ऑलिम्पिक, आशियाई खेळ, विश्वचषक. पात्र ठरला नाही, पात्र ठरला नाही, तो एका सुरात वाचत गेला. एका ठिकाणी साल चुकलं, तर काकांनी पाठांतरातून लगेच दुरुस्त केलं. मग तो नव्या रकान्याशी आला. हे मात्र काकांना पाठ नव्हतं. ते मान पुढे काढून ऐकायला लागले.

"एकोणीसशे त्र्याऐंशी. उपविजेता."

मैदानावरून बॉल भिंतीला येऊन आपटला आणि ओल्या रंगावर एक वाटोळा डाग उठला. एक पोरगी धावत आली, डाग पाहून जागीच थबकली आणि काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"घे तो बॉल," चिंधूकाका तिला म्हणाले, आणि मग खुशालला, "तू पुढं वाच."