बुधवार, सकाळी साडेदहा

“बुधाजी, कढी अजून एक वाटी दे की. मघाची घाईत संपली, चव बघायची राहूनच गेली,” रघुवीर कडोलकर म्हणाला आणि शेजारची चार माणसं हसली.

खानावळवाला बुधाजी स्वतः भांडं घेऊन आला. डोक्यावरचे केस गेले होते, पण कमरेचा पंचा आणि वाढायची ढब तीच होती. वाटी काठोकाठ भरून तो रघुवीरकडे बघत उभा राहिला.

“इतकी वर्सां खंय होतंस रे? खिडकीकडची जागा तुझी. जेवान झाला की थंयच गाणा सुरू. लोक हात धुवूक विसरायचे.”

“खिडकी आहे की जागेवर. गाणं तेवढं गेलं,” रघुवीर म्हणाला.

“म्हणजे?”

“शाळेत शिकवतो रे. मुलींच्या प्रार्थना बसवतो, गॅदरिंगची पदं बसवतो. ते काय गाणं!”

हेरंब धैर्यवान समोर बसून भात कालवत होता. त्यानं मान वर केली नाही.

एक मे एकोणीसशे साठ, रविवार. मध्यरात्रीपासून महाराष्ट्र झाला होता. गिरगावात गॅलऱ्यागॅलऱ्यांतून तोरणं लागली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर सनई चालू होती, आणि बुधाजीनं आज प्रत्येकाच्या पानात बांगड्याच्या तिखल्याशेजारी दोन-दोन जिलब्या वाढल्या होत्या. पलीकडच्या टेबलावरचा एकजण जिलबी मोडता मोडता म्हणाला, “पाहुणे कुठले?”

“बेळगावचे,” रघुवीर म्हणाला.

त्या माणसाचा हात थांबला. “तुमचंही होईल हो. आज ना उद्या.”

“होईल की,” रघुवीर म्हणाला आणि कढीची वाटी त्यानं तोंडाला लावली.

पंधरा दिवसांपूर्वी त्याचं कार्ड आलं होतं. ‘तुमचा महाराष्ट्र होतोय म्हणे. बघायला येतो. दोन दिवस मासे आणि गाणं, बाकी काही नको.’ खाली सही. तेवीस वर्षांत दोघांमध्ये पाच-सहा कार्डांपलीकडे काही गेलं-आलं नव्हतं. कार्ड वाचून हेरंब बराच वेळ गॅलरीत उभा राहिला होता. शेवटी बायको शकू म्हणाली, “मित्र येतोय ना तुमचा? मग तोंड असं काय?”

हेरंब फोर्टमधल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होता. धैर्यवानांचं घर एके काळी नव्या वाडीजवळ होतं. आजोबांच्या वेळी ते गेलं आणि कुटुंब ठाकूरद्वारच्या चाळीत दोन खोल्यांत आलं. तरुणपणी हेरंब तबला वाजवायचा, बरा वाजवायचा. त्याच चाळीत त्याच मजल्यावर रघुवीर एका खोलीत भाड्यानं राहायचा. बेळगावाजवळच्या कडोलीहून तो गाणं घेऊन मुंबईला आला होता. सकाळी रियाज, दुपारी एका कापडदुकानात नोकरी, संध्याकाळी बुधाजीकडे जेवण आणि मग गाणं. ठेका हेरंबचा. गणपतीत, लग्नात, कुणाच्या सत्यनारायणाला, जोडी ठरलेली.

सदतीस साली दोघांनी रेडिओ स्टेशनला अर्ज केले. रघुवीरनं गायक म्हणून, हेरंबनं साथीदार म्हणून. दोन्ही अर्जांवर पत्ता धैर्यवानांचा, कारण रघुवीरच्या खोलीला टपालपेटी नव्हती. जुलैच्या अखेरीस कडोलीहून तार आली, वडील अत्यवस्थ. रघुवीर कपडे घेऊन निघाला. निघताना जिन्यात म्हणाला, “पत्र आलं तर तार कर बरं का. असेन तसा येतो.”

पत्र आलं. एकच आलं. रघुवीरच्या नावाचं.

हेरंबनं ते उघडलं. अठरा ऑगस्ट, बुधवार, सकाळी साडेदहा, आवाजाच्या चाचणीसाठी यावे. दहा दिवस हाताशी होते. दुसऱ्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात ते पत्र घेऊन तो तारघरापर्यंत गेला, रांगेत उभा राहिला आणि परत आला. उद्या करू. माझंही येईल कदाचित, दोघांची मिळून एकच तार करू. चौथ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा परत आला. त्यानंतर गेला नाही. अठरा तारखेला ऑफिसात घड्याळात साडेदहा वाजलेले त्याला दिसले. त्या संध्याकाळी चौपाटीवर जाऊन त्यानं पत्राचे तुकडे पाण्यात टाकले. विसरलो, असं त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तो विसरला नव्हता.

सप्टेंबरात रघुवीरचं कार्ड आलं. वडील वाचले, पण अंथरुणाला खिळलेत. रेडिओचं काहीच कळलं नाही, म्हणजे नको झालो त्यांना. आता इकडेच राहतो. ट्रंक आणि तंबोरा रेल्वेनं पाठव. हेरंबनं तो तंबोरा गवतात आणि गोणपाटात इतका जपून बांधला, की पार्सल ऑफिसातला कारकून म्हणाला, आत मूल आहे की काय! त्यानंतर तबल्याला हेरंबचाही हात लागला नाही.

*

रविवारी संध्याकाळी दोघं ट्रामनं लालबागला गेले. गिरणीच्या दारासमोर मोकळ्या लॉरीवर शाहीर उभा होता. डफ, तुणतुणं, मागं झील धरणारे तिघं. रस्ता माणसांनी भरला होता. खिडक्यांत बायका, कठड्यांवर मुलं. रघुवीरनं वाटेत कागदात घेतलेली गरम भजी हेरंबपुढे धरली, दोघांनी ती उभ्यानंच संपवली. शाहिरानं झील टाकली आणि गर्दीनं ती उचलली.

हेरंबला शेजारून तो आवाज ऐकू आला. हळू, पोटातून गायलेला, नेमका सुरावर. शेकडो माणसांच्या कालव्यातही तो वेगळा काढता येत होता. समोरच्या दोघांनी मागं वळून पाहिलं.

झील संपल्यावर हेरंब म्हणाला, “रघ्या, आवाज आहे तसा आहे रे तुझा.”

“झिलीत सगळ्यांचाच चांगला वाटतो,” रघुवीर हसून म्हणाला आणि बोटांचं तेल रुमालाला पुसायला लागला.

*

सोमवारी हेरंबनं रजा टाकली होती. सकाळी गिरगावातच एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बैठक होती. गाणारा दोघांच्याच वयाचा, आता नाव झालेला. त्यानं तोडी घेतली. रघुवीर भिंतीला न टेकता ताठ बसला होता. मांडीवर बोटं मात्रा मोजत होती. समेवर त्याची मान किंचित हलायची, दाद मात्र त्यानं एकदाही मोठ्यानं दिली नाही.

बाहेर पडल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसले. चहा आला, ब्रून पाव आला.

“हा तेव्हा इथंच होता, आठवतो?” रघुवीर म्हणाला. “गंधार जागेवर राहायचा नाही ह्याचा. आता बघ, कसा ठेवतो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रेडिओनं बोलावलं ह्याला, मग मेहनत केली ह्यानं. त्यांना कळतो रे माणूस. मला साधं नकाराचं पत्रसुद्धा पाठवलं नाही. बरंच झालं म्हणा. उगाच आशेवर राहिलो असतो.”

त्यानं ब्रूनचा तुकडा चहात बुडवला. हेरंबच्या तोंडून शब्द गेले, ते त्यानं ठरवलेले नव्हते.

“पत्र आलं होतं.”

“कसलं?”

“तुझं. रेडिओचं. चाचणीला बोलावलं होतं तुला. मी कळवलं नाही.”

ब्रूनचा भिजलेला तुकडा मोडून चहात पडला. रघुवीर त्याकडे बघत राहिला. गल्ल्यावरचा इराणी कुणाला तरी मोड देत होता. रस्त्यावरून एक बँड वाजत पार लांब गेला.

“तारीख काय होती?” रघुवीरनं विचारलं.

“अठरा ऑगस्ट. बुधवार. सकाळी साडेदहा.”

“अठरा ऑगस्ट,” रघुवीर म्हणाला. “तोवर वडील पेज घ्यायला लागले होते. मी निघू शकलो असतो. रोज पोस्टात जात होतो मी. पोस्टमास्तर लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून.”

“रघ्या, तुला बोलावलं होतं. मला नव्हतं. एवढंच. दुसरं काही कारण नाही.”

रघुवीरनं मान हलवली. कारण त्याला समजलं होतं, पण त्याचं मन तिथं नव्हतं.

“त्या अर्जात एक रकाना होता, ध्यानात आहे तुझ्या? शिक्षण कुणाकडे झालं. मी लिहिलं होतं, कोंडीराम गुरव, कडोली. देवळात पूजा करायचे, पण काय गाणं होतं माणसाजवळ! लिहिताना तू म्हणाला होतास, एखादं मोठं नाव टाक. मी म्हटलं, नाही, हेच.” तो थांबला. “पत्र आलं नाही तेव्हा मला वाटलं, हे नाव वाचलं आणि बाजूला टाकला अर्ज. देवळातल्या गुरवाचा शागीर्द. मनात तेच बसलं. गुरुजींच्या नावानं मला पुढं येऊ दिलं नाही, त्यांच्याकडं शिकलो म्हणून माझं असं झालं. घर ते देऊळ दोनशे पावलंही नसतील. पण मी जायचं बंद केलं.”

“रघ्या...”

“दोनदा निरोप पाठवला त्यांनी. ‘पोरगा आलाय ना मुंबईहून, मग देवळात का येत नाही, गाण्यात काही अडलंय का विचारा.’ मी गेलो नाही. चव्वेचाळीस साली गेले. मी बेळगावात होतो. कळलं, पण खांदा द्यायला गेलो नाही.”

हेरंबला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो एकाच माणसाचा गुन्हेगार समजत होता स्वतःला. त्यानं टेबलावरून हात पुढे केला.

“मला माफ कर.”

“माफी मलाच मागायची आहे,” रघुवीर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “ज्यांच्याकडं मागायची ते राहिले नाहीत.” मग त्यानं गार झालेला चहा सावकाश संपवला आणि उठला. “चल. वहिनी जेवायच्या थांबल्या असतील.”

*

शकूनं कोळंबीचं भुजणं केलं होतं. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून परतलेलं, जसं तिच्या सासूनं शिकवलं होतं तसंच. शनिवारी आल्या आल्या रघुवीरनं हेरंबच्या ताटातला तळलेला तुकडा सरळ उचलून तोंडात टाकला होता आणि शकू तोंडाला पदर लावून हसली होती. आज तो खाली बघून जेवत होता.

“भाऊजी, अजून घ्या ना थोडं. आवडलं नाही का?”

“उत्तम झालंय वहिनी. असं भुजणं कुठं मिळायचं नाही. पण पुरे आता.”

जेवण झाल्यावर त्यानं आपलं ताट उचललं आणि मोरीत नेऊन धुतलं. “अहो, हे काय!” म्हणत शकू मागं धावली, तोवर त्यानं ते पालथं घालून ठेवलंही होतं.

गाडी संध्याकाळची होती. चार वाजता तो कपडे करून तयार झाला. पिशवीत शकूनं बांधून दिलेला डबा त्यानं नीट बसवला. तिला वाकून नमस्कार केला, म्हणाला, “दोन दिवस फार कौतुक केलंत माझं.” मग तो हेरंबकडे वळला. हेरंबनं पायांत चपला घातल्या होत्या.

“मी येतो बोरीबंदरपर्यंत.”

“नको,” रघुवीर म्हणाला. “तुम्ही कशाला त्रास घेता? ट्राम आहे की दारातून.” त्यानं हात जोडले. “येतो, हेरंबराव. तब्येतीला जपा.”

हेरंब उंबऱ्याशी तसाच उभा राहिला. रघुवीरनं ते रागानं म्हटलं नव्हतं. शाळेतल्या मुख्याध्यापकांना, ओळखीच्या व्यापाऱ्याला, प्रवासात भेटलेल्या भल्या माणसाला म्हणावं, तसं आदरानं म्हटलं होतं. जिन्यावरची पावलं एकेक करून खाली गेली.

हेरंब गॅलरीत आला. ऊन अजून कडक होतं. खाली ट्रामच्या थांब्याजवळ मंडळाच्या पोरींनी मांडव घातला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या पेढे वाटत होत्या. रघुवीर त्यांच्या समोरून जायला लागला तशी एकीनं त्याला अडवलं. ती काहीतरी म्हणाली. बहुधा महाराष्ट्राचं तोंड गोड करा, असंच असेल.

रघुवीरनं पिशवी खाली ठेवली. डोक्यावरची टोपी सारखी केली, उजव्या हाताखाली डावा हात धरून पेढा घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. पोरीनं आणखी एक पुढे केला तेव्हा त्यानं हसून मान हलवली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि थांब्यावर, रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभा राहिला.