झरोक्यातला पांढरा हात

लांडग्याचे दात तुम्ही काढलेत. पुस्तकातल्याचे. बाहेरच्याचे कुणी काढले, ते विचारायला हे लिहितोय.

माझी थोरली बहीण बालवाडीत मदतनीस. पोरं तिला मावशी म्हणत. शेळी चरायला गेली, लांडग्याने पंजाला पीठ फासलं, करडांनी आई समजून दार उघडलं, ही गोष्ट ती अशी सांगायची की पोरं एकमेकांच्या मांडीवर चढून बसत. त्यातूनच तिने घरी जायच्या वेळचा खेळ काढला होता. दार वाजलं की पोरं आतून ओरडायची, "हात दाखव!" दाराच्या झरोक्यातून हात आत यायचा. कुणाच्या शिवणकाम करणाऱ्या आईच्या बोटांना सुया टोचलेल्या. कुणाच्या आजीची करंगळी वाकडी. ठमीचा बाप भिंती रंगवायचा. त्याच्या नखांत कायम रंग. ज्याचं माणूस, स्टुलावर चढून कडी काढायचा मान त्याचा.

मग तुमच्या खात्याची नवी पुस्तकं आली. गुळगुळीत, रंगीत. त्यांत लांडगा दार वाजवतो, करडं त्याला आत घेतात, सगळे मिळून केक खातात. पाठोपाठ तुमच्या मॅडम आल्या.

"तो खेळ बंद करा, मावशी. मुलांच्या मनात भीती बसते."

"बसू दे की थोडी. तिला काय पाट-पाणी लागतं?"

"लांडगा वाईट, हे आता जुनं झालं."

"आणि त्याची भूक?"

मॅडम हसल्या. झरोक्यावर हसऱ्या लांडग्याचं चित्र चिकटवून गेल्या.

पोट हातावर, बहिणीने हुकूम पाळला. रोज तीच गोष्ट, रोज तोच केक.

एका दुपारी पोरं झोपली म्हणून ती मागे पेले विसळायला गेली. नळाच्या आवाजात तिला काहीच ऐकू आलं नाही. परत आली तर दार सताड उघडं. स्टूल दाराशी. चित्रातल्या लांडग्याचं तोंड फाटून झरोक्याएवढं झालेलं. पोरं जागी, भिंतीशी ओळीने बसलेली. एकही रडत नव्हतं.

"कोण आलं होतं रे?"

"लांडगेकाका. तोंडातून हात घातला त्यांनी. पांढरा पांढरा. पावडर लावलेला."

"मग ओरडला का नाहीत?"

"आता ओरडायचं नसतं ना, मावशी."

"आणि ठमी?"

"कडी काढून केक खायला गेली," पोरं एका सुरात म्हणाली. आणि हसली. अगदी चित्रासारखी.

ठमी सापडली नाही. तुमच्या चौकशीत बहीण निष्काळजी ठरली. पुस्तक अजून चालू आहे. बहीण घरात बसून असते. मी कामावरून आलो की खिडकीतून हात आत घालतो. ती तो उलटासुलटा करते, हुंगते, तेव्हा कुठे कडी निघते.

ठमीचा बाप मात्र अजून बालवाडी सुटायच्या वेळी येतो. दार वाजवतो. फाटक्या चित्रातून रंगाचा हात आत घालून उभा राहतो. कडी काढायला स्टुलावर कुणी चढत नाही.

ती कडी काढायला ठमीला कुणी शिकवलं? उत्तर घेऊन या. पण दाराशी आलात की आधी हात दाखवा.