पाणी घातलेला चौकोन

खेडोपाडी मला काटेवाली म्हणतात, कारण माझ्या खांद्याला सदैव वजनकाटा लटकलेला असतो. स्वभावही त्याला साजेसाच आहे असं माझा नवरा म्हणतो, पण त्याचं काय मनावर घ्यायचं.

माझं काम ऐकायला सोपं आहे. कुठलं शेत घ्यायचं ते कार्यालय चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतं. शेतात किती पावलं उभी नि किती आडवी चालायची, तेही तेच ठरवतं. मी तिथे चार खुंट्या ठोकते, सुतळी ताणते, आणि पीक तयार झालं की तेवढ्याच चौकोनातलं कापून, झोडपून दाणे तोलते. अशा आकड्यांवरून संशोधन करणारी मंडळी सांगतात, पुढचं पीक येईपर्यंत कुठल्या भागातलं धान्य पुरेल आणि कुठले डबे आधीच रिकामे होतील. धान्याची मदत मग तिकडे जाते. म्हणून चौकोन आपल्या मनाने निवडायचा नसतो. चांगला दिसला म्हणून नाही, आणि वाईट दिसला म्हणूनही नाही.

यंदा चिठ्ठीत एका काकूंचं शेत निघालं. त्यांच्या गव्हात सुतळी ताणली तेव्हा मी त्यांना बजावलं होतं, "बाकी शेताला कराल तेच याला करा. जास्त नको, कमी नको."

"त्याची तू काळजीच करू नकोस," काकू म्हणाल्या, आणि मी बिनघोर निघून आले.

कापणीला गेले तर शेत मोकळं. वारा सुटला होता, दाणे झडतील म्हणून काकूंनी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन सगळं कापून, मळून घरात नेलं होतं. उभा होता तो फक्त माझा चौकोन. आणि काय उभा होता! ओंब्या इतक्या भरलेल्या की काड्या वाकल्या होत्या. सुतळीच्या बाहेरची धसकटं मात्र विरळ आणि काडीपैलवान. मी खाली वाकून माती चाचपली. ती ओली होती.

"काकू, याला पाणी घातलंत?"

"रोज," काकू म्हणाल्या. मी शाबासकी देईन म्हणून वाट बघत होत्या. "यंदा विहीर आटली. सगळ्या शेताला पाणी आणू कुठून? पण म्हटलं, तुझा तुकडा तरी जगवू. पोर एवढ्या लांबून येणार, तिच्या काट्यात काय फोलपटं टाकायची? घरच्या हौदातून बादली बादली आणून घातलं."

मी डोक्याला हात लावून बांधावर बसले. पाहुण्याच्या ताटात कमी पडू नये म्हणून घरची माणसं आपला हात आखडता घेतात, तसं या बाईने शेतातसुद्धा केलं होतं. मला संताप आला होता, आणि त्याच वेळी त्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

"काकू, या पट्ट्यात माझे चौकोन मोजकेच आहेत," मी म्हणाले. "हा आकडा दिला तर तिकडे वाचतील की इथे भरभराट आहे. मग तुमच्यासकट सगळ्या शेजाऱ्यांची मदत जाईल."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला.

मी कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, चौकोन बाद कर. घरात नेलेलं सगळं धान्य तोल, शेताचं माप आपल्याकडे आहेच. मात्र जमीन ज्याच्या नावावर आहे त्याच्यासमोर तोलायचं आणि आकडा त्याला वाचून दाखवायचा.

जमीन काकांच्या नावावर होती. कमरेचं हाड मोडल्यापासून ते बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते.

हे ऐकताच काकूंनी माझं मनगट धरलं. "नको गं पोरी. यांना मी सांगितलंय, गहू दणकून आलाय म्हणून. डॉक्टर म्हणाले, जिवाला घोर लावून देऊ नका. शेत म्हणजे त्यांचा जीव आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे तशीच. तूच काहीतरी अंदाजाने लिही."

"अंदाजानेच लिहायचं तर मी हा काटा कशाला वाहते, काकू?" माझा आवाज चढला, आणि लगेच मला वाईट वाटलं.

काकूंनी धसकटांकडे पाहिलं. शेजारणीला लहान लेकरं आहेत, असं काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "चल."

काटा दारावरच्या तुळईला टांगला. काकू आतून एकेक पोतं ओढत आणत होत्या, आणि ओढायला त्यांना फारसे कष्ट पडत नव्हते, हेच वाईट होतं. काका उशीला टेकून बघत होते. शेवटचं पोतं तोललं तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी आकडा वाचला. चौकोनावरून जो हिशेब निघाला असता, त्याच्या पाव भागाइतकाही तो नव्हता.

"लिहा," काका शांतपणे म्हणाले. "बरोबर आहे."

काकू वळल्या. "अहो, मी तुम्हाला..."

"अगं, याच खिडकीतून तुला रोज बादली घेऊन जाताना बघत होतो. भरल्या शेताला कुणी बादलीने पाणी घालतं का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या हौसेने सांगायचीस. वाटलं, त्यावरच तुझे दिवस निघताहेत. मी बोललो असतो तर तुझाच आधार गेला असता."

काकू खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी उगाचच सुतळीचा गुंता सोडवत बसले. त्यात गुंता नव्हता.

"आता सगळं खरं चाललंच आहे, तर आणखी एक बोलतो," काका म्हणाले. "मला गच्च वाढून तू आत जाऊन जेवतेस. काय जेवतेस ते मला इथून दिसत नाही. पण तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्यात, ते दिसतं. आजपासून माझ्यासमोर जेवायला बसायचं. जे असेल ते अर्धं अर्धं."

"तुम्हाला ताकद यायला हवी," काकू म्हणाल्या.

"आणि तुला?"

डोळे पुसून काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने त्या दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. एक त्यांनी काकांपुढे ठेवलं आणि दुसरं माझ्यापुढे.

मी माझं ताट उचलून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि त्या पहिला घास घेईपर्यंत तिथून हलले नाही.