वरातीची क्रँकपिन

पोराची वरात बैलगाड्यांतून न्यायची, ही कल्पनाच गुणवंतरावांना हलकी वाटली. त्यांनी चांद्याहून लॉरी ठरवली. लष्करानं लढाईनंतर मोडीत काढलेली; पण आवाज असा, की गावंच्या गावं दारात येऊन उभी राहत. गुणवंतरावांना आवाजच तर हवा होता.

पोंभुर्णा सुटलं आणि ऐन सागवनात इंजिनातून ठकठक सुरू झाली.

"बिरजू, हे काय वाजून राह्यलं?"

"ताकत हाय मालक," ड्रायव्हर बिरजू म्हणाला. इंजिनात तेल घालणं म्हणजे गाडीचे फाजील लाड, असं त्याचं मत होतं.

ताकद पुढच्या चढावर संपली. बिरजू लॉरीखाली शिरला आणि काळ्या हातांनी बाहेर आला तो थेट मास्तर होऊनच.

"जात्याचा खुंटा मधात नसते, कडेले असते. म्हणून हात मागंपुढं गेला तरी जातं गोल फिरते. तशीच इंजिनातली क्रँकपिन. दट्ट्या वर-खाली होते, त्याचा दांडा पिनीले धरून फिरवते. दोघांच्या मधात नरम धातूची वाटी रायते. ते वितळली."

"काऊन?"

"तेल नव्हतं ना." जणू परगावची बातमी. "काही इंजिनात तं एकाच पिनीवर दोन दांडे रायते. एका चुलीवर दोन जावा! आपल्या गाडीत एका पिनीवर एकच."

गुणवंतराव कृतार्थ झाले. मुहूर्त तेवढा टळत होता.

"वाटीच्या जागी चामडं चालते," बिरजू म्हणाला. "जाड पायजे."

अख्ख्या वरातीनं आपापले जोडे धोतराखाली ओढले. नवरदेवानं बापाच्या कमरेकडं पाहिलं. तिथं नवीकोरी पाटलोण आणि तिच्यावर रुंद नागपुरी पट्टा होता. तो दिसावा म्हणून त्यांनी कोटाची बटणं सकाळपासून लावली नव्हती.

"पोरासाठी बाप काय नाई करत!" नवरदेवाचा मामा गहिवरून म्हणाला. स्वतःच्या जोड्यांवर बसून.

बिरजूनं पट्टा कापला, वरातीच्या शिध्यातल्या स्वैपाकाच्या तेलात भिजवून पिनीला गुंडाळला, वरून दांडा कसला आणि उरलेला डबा इंजिनात रिकामा केला. लॉरी डुलत डुलत गोंडपिपरीला पोचली. मुहूर्त गेला होता. भटजींनी दुसरा काढला. असतातच त्यांच्याजवळ.

मुलीचे वडील रामाजी हात पसरून भेटीला आले. गुणवंतराव दोन्ही हातांनी पाटलोण धरून उभे.

"व्याह्याची गळाभेटही नको काय तुमाले?" रामाजी भर मांडवात रुसले.

मग गुणवंतरावांना सगळ्यांसमोर क्रँकपिन समजावून सांगावी लागली. एका हातानं.

रामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, आतून सुतळी मागवली, व्याह्याच्या कमरेला स्वतः बांधली आणि मगच गळाभेट घेतली.